बेवारस पायवाटा

जूनचा पहिला आठवडा उलटला की महाराष्ट्रात दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. घाटमाथ्यावर ढग उतरतात आणि जिल्हाधिकारी कार्यालयांतून मनाई आदेश निघतात. पूर्वी त्यावर कलम १४४ असायचं, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आलं, मजकूर तोच. अमक्या धबधब्याजवळ जाऊ नये, तमक्या गडावर चढू नये, कड्याच्या टोकाला सेल्फी काढू नये, मद्य नेऊ नये, कर्णकर्कश गाणी लावू नयेत. शनिवारी नाक्यावर पोलीस उभे राहतात, रविवारी गर्दी पुढच्या धबधब्यावर सरकते, कुठेतरी कुणीतरी वाहून जातं, वाहिन्यांवर दोन दिवस ‘अतिउत्साही पर्यटक’ झोडपून निघतात. गणपती आले की विषय मागे पडतो. पुढच्या जूनला ये रे माझ्या मागल्या.

बंदी घालणंच चूक, असं माझं म्हणणं नाही. पावसाळ्यात सांदण दरीत माणसं जाऊ देऊ नयेत हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. त्या चिंचोळ्या घळीत वरून लोंढा आला तर पळायला जागाच नसते. भिऱ्याजवळच्या देवकुंड धबधब्याचंही तेच. तक्रार आहे ती पुढची. वर्षातले आठ महिने ज्या जागेकडे सरकार ढुंकून बघत नाही, तिच्यावर चार महिने बंदी घालायची आणि त्यालाच नियोजन म्हणायचं, अशी आपली रीत पडून गेली आहे. ही रीत का पडली, याचं उत्तर लोकांच्या बेशिस्तीत थोडं आणि सातबाऱ्यात जास्त सापडेल. महाराष्ट्रातल्या डोंगरवाटांना धनी नाही.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुलं होती. ती जागा कुणाची, याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही: धरण रेल्वेचं, वरचा डोंगर वनखात्याकडे, गर्दी आवरायची पोलिसांनी, बंदीचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना. पुढच्या वर्षी १५ जूनला मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जण गेले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. फलक लावला की कागदोपत्री काम होतं. पुलावर एका वेळी किती माणसं, हे मोजायला तिथे कुणी उभं करायचं होतं, याचं उत्तर फलकावर नसतं.

आता या गर्दीबद्दल. जुन्या ट्रेकर मंडळींच्या ग्रुपवर पावसाळाभर एकच रडगाणं असतं: पूर्वी डोंगरात खरे भटके यायचे, आता नुसते हौशे, नवशे, गवशे. मला हा सूर पटत नाही. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात गुरुवारची एक सुट्टी मिळणारा पोरगा, कल्याण-डोंबिवलीहून रोज लोकलला लोंबकळणारी मुलगी, यांना मोकळी हवा कुठे मिळणार? शहरातली मैदानं बिल्डरांनी आणि लग्नाच्या मांडवांनी खाल्ली, नदीकाठ नाल्यात गेले. मुंबईकरांच्या नशिबाने बोरिवलीला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं शंभराहून थोडं जास्त चौरस किलोमीटर जंगल उरलंय. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर यांना तेवढंही नाही. या माणसांनी डोंगराकडे धाव घेतली तर तो त्यांचा हक्क आहे. त्यांच्या आईबापांनी ट्रेकिंग केलं नव्हतं, शेवाळलेल्या कातळावर पाय कसा टाकायचा हे त्यांना घरी कुणी शिकवलेलं नाही. ते तिथे गेल्यावर शिकवायला कुणी असेल तर शिकतील. तिथे कुणी नाही, हा खरा मुद्दा आहे.

का नाही, ते बघायचं तर कोणत्याही एका वाटेवर पायथ्यापासून माथ्यापर्यंत चालत जावं आणि पायाखालची जमीन कुणाची ते विचारत जावं. गावठाणात सुरुवात होते तेव्हा ती ग्रामपंचायतीची असते. मग कुणाच्या तरी मालकीच्या वावराच्या बांधावरून वाट जाते. शेतकरी भला म्हणून जाऊ देतो. पुढे गायरान, म्हणजे महसूल. मग वनखात्याची हद्द, अभयारण्य असेल तर त्यातही वन्यजीव विभाग वेगळा. वर तटबंदी लागली की पुरातत्त्व खातं, तेही केंद्राचं की राज्याचं हे गडागणिक बदलतं. पर्यटन खात्याच्या जाहिरातीत या सगळ्याचा एकच फोटो असतो. प्रत्येकाच्या हद्दीत वाट आहे, पण कुणाच्याही कामाच्या यादीत ‘वाट’ नाही. वनखातं झाडं आणि वन्यप्राणी राखतं, पुरातत्त्ववाले चिरा राखतात, महसूल खातं जमीन राखतं. माणसं ज्या दोन हात रुंदीवरून चालतात ती पट्टी बेवारस.

लोहगडावर २०२३ च्या जुलैमध्ये रविवारी पायऱ्यांवर हजारो माणसं तासन् तास अडकली, ना खाली येता येईना ना वर जाता येईना. त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. अरुंद दरवाज्यांच्या गडावर एका वेळी किती माणसं मावतात हा चौथीच्या गणिताचा प्रश्न आहे. तो सोडवणं कुणाची नोकरी नव्हती. आता तर लोहगड जागतिक वारशात आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे जे बारा किल्ले यादीत घेतले त्यांतले अकरा महाराष्ट्रातले. म्हणजे गर्दी वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

वाट बेवारस असली की तिचं काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. घाटमाथ्यावर पाऊस मिलिमीटरने मोजायचा म्हणजे हजारांत मोजावा लागतो. पायाखाली घट्ट झालेल्या मातीत पाणी मुरत नाही, ते वाटेचाच ओहोळ करून उतरतं. पहिल्या वर्षी मुरूम सुटतो, दुसऱ्या वर्षी झाडाची मुळं उघडी पडतात, मग मधोमध गुडघाभर खोल घळ. निसरड्या घळीत कोण चालणार? माणसं कडेच्या गवतावरून चालतात, तेही उखडतं, तिथेही पाणी धावतं. एक वाट होती तिथे पाच-सहा वर्षांत चार वाटा होतात आणि उतार जखमेसारखा उघडा पडतो. पठारावर हेच झालं की फुलांची पातळशी माती निघून जाते. सड्यावरच्या कातळाला ती पुन्हा धरायला किती काळ लागेल ते सांगता येत नाही. चढणारा माणूस घसरतो तो बहुतेक वेळा अशा जागी. कड्यावरून पडणाऱ्याची बातमी होते. घळीत घसरून घोटा मोडलेल्याला गावातली पोरं चादरीच्या झोळीत घालून खाली आणतात, त्याची कुठे नोंदही नसते.

यावरचा उपाय कुठल्या परदेशी तज्ज्ञाकडून आणायचा नाही. उतारावरचं पाणी अडवायचं आणि वाटेबाहेर काढायचं, एवढंच काम. वाटेला तिरपा, थोडा उंच दगडांचा आडवा पट्टा रचायचा, पाणी बाजूच्या चरात सोडायचं, दर पंधरा-वीस पावलांवर हे पुन्हा करायचं. महाराष्ट्राच्या गावागावांत हे काम हाताला ठाऊक असलेली माणसं आहेत, कारण पाणलोटाच्या कामात त्यांनी आयुष्यभर तेच केलंय. अनघड दगडी बांध, सलग समतल चर हे शब्द आपल्याकडे शाळकरी पोराला माहीत असतात. १९७२ च्या दुष्काळात या राज्याने रोजगार हमी उभी केली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला, पुढे सगळ्या देशाने ती कल्पना उचलली. त्या हमीवर आपण पाझर तलाव केले, रस्ते केले, विहिरी खणल्या. डोंगरावरच्या पायवाटा दुरुस्त करायचं काम तिच्यावर का निघू नये? यंत्र चढत नाही, सिमेंट लागत नाही, दगड जागेवर आहे. जवळजवळ सगळा खर्च मजुरीचा. रोजगार हमीसाठी याहून सोयीचं काम कागदावर तरी सुचत नाही.

आणि काम कुणाला हवंय तेही बघा. अकोले तालुक्यातल्या डोंगराळ गावांत बहुसंख्य महादेव कोळी आणि ठाकर. भाताची कापणी झाली की घरातली धडधाकट माणसं नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर किंवा नाशिककडच्या द्राक्षबागांत कामाला जातात. राज्यातलं सर्वोच्च, १६४६ मीटरचं कळसूबाई शिखर त्यांच्या दारात. शनिवारी मध्यरात्रीपासून पायथ्याच्या बारी गावात गाड्यांची रांग लागते. वाटेवर निळं ताडपत्रीचं छप्पर टाकून, कोपऱ्यांवर दगड ठेवून एखादी मावशी लिंबू सरबत, मीठ-तिखट लावलेली काकडी आणि मॅगी विकते. पाण्याचा हंडा ती खालून डोक्यावर आणते. हजारोंच्या गर्दीतून त्या गावाला मिळतं ते एवढंच: सरबत, जेवण, पार्किंग. ट्रेकची खरी रक्कम मुंबई-पुण्यातल्या आयोजकाच्या खात्यात बुकिंगच्या दिवशीच जमा झालेली असते. वाटेची झीज मात्र बारीच्या वाट्याला.

‘तळं राखील तो पाणी चाखील’ ही म्हण आपण अफरातफरीबद्दल बोलताना नाक मुरडून वापरतो. डोंगराच्या बाबतीत ती सरळ अर्थाने लागू करावी असं मला वाटतं. जो वाट राखेल त्याला तिचं उत्पन्न मिळावं, आणि उत्पन्न घेईल त्याच्यावर वाट राखायची लेखी जबाबदारी असावी.

हे राज्यात कुठेच होत नाही असंही नाही. साताऱ्याजवळच्या कास पठाराचं बघा. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा झाल्या, त्यांत महाराष्ट्राच्या चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. बातमी झाली आणि कासवर गाड्यांचा पूर लोटला. लोक तेरड्याच्या गालिच्यावर लोळून फोटो काढायचे. आज तिथे फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजारांची मर्यादा आहे, ऑनलाइन नोंदणी आहे, आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या तिकीट आणि गाड्यांची व्यवस्था बघतात, गावातलीच मुलं-मुली फुलं दाखवतात. चुका तिथेही झाल्या. पठाराला जाळीचं कुंपण घातलं, गुरं चरायची थांबली, गवत माजलं आणि फुलं कमी होताहेत अशी ओरड गावकरी आणि अभ्यासक दोघांनीही केली. शेवटी कुंपण काढावं लागलं. पण चूक झाली हे कळलं, कारण तिथे रोज बघणारं कुणीतरी होतं. ज्या वाटेकडे कुणी बघतच नाही तिथे चूक झाल्याचं कळायलाही अपघात व्हावा लागतो.

किनाऱ्यावर मंडणगड तालुक्यातलं वेळास तर याहून लहान गाव. समुद्री कासवांची अंडी चोरीला जायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं समुद्राकडे धावताना बघायला माणसं येतात, गावातल्या घरांत उतरतात, तिथेच जेवतात. वेळासला मोठं हॉटेल नाही म्हणून कुणाचं अडलेलं नाही. उजनीच्या पाणफुगवट्यावर भिगवण-कुंभारगावच्या मच्छीमारांच्या होड्या हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवतात. कोणता पक्षी कुठल्या बेटावर उतरलाय हे होडीवाल्याला जितकं ठाऊक असतं तितकं कुठल्याही पुस्तकात नसतं. आणि पक्ष्याच्या फार जवळ होडी घातली तर उद्या तो येणार नाही हेही त्यालाच कळतं, निदान चांगल्या होडीवाल्याला.

व्याघ्र प्रकल्पांचं उदाहरण हटकून दिलं जाईल, म्हणून त्याबद्दल. ताडोबा हे १९५५ पासूनचं, राज्यातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. दर प्रवेशद्वारातून किती गाड्या सोडायच्या ते ठरलेलं, गाइड सक्तीचा, मंगळवारी सुट्टी, पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद. प्रवेशशुल्काचा पैसा प्रकल्पाच्या प्रतिष्ठानाकडे राहतो आणि त्यातून आसपासच्या गावांतही खर्च होतो. शिस्त म्हणून हे सगळं मान्य. पण तिथला निसर्ग म्हणजे जिप्सी, आणि जिप्सी म्हणजे वाघ. काही हजार मोजून दिवसभर एका पट्टेरी पाठीमागे धावायचं. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गाड्यांनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. नियम असून हे होतं, कारण वाघ दिसला नाही तर पैसे बुडाले असं गिऱ्हाइकाला वाटतं. डोंगरवाटांना या साच्यात बसवू नये. तिथे बघायला एक गोष्ट नसतेच. पाऊस, धुकं, कारवी, वाटेतलं पाण्याचं टाकं, दम लागणं, पलीकडच्या डोंगराचं नाव विचारणं, असं सगळं मिळून ते असतं. त्यासाठी पायी चालावं लागतं, आणि पायी चालण्याची सोय हीच महाराष्ट्रातल्या निसर्ग पर्यटनात सर्वांत दुर्लक्षित राहिली आहे.

सोय म्हटलं की आपल्या राज्यकर्त्यांना दोन गोष्टी सुचतात, सिमेंटच्या पायऱ्या आणि रोपवे. २०२५ च्या सुरुवातीला मंत्रिमंडळाने राज्यात ४५ रोपवेंच्या आराखड्याला मंजुरी दिली. रोपवेला माझा सरसकट विरोध नाही. रायगडावर १९९६ पासून आहे. त्यामुळे म्हातारी माणसं, अपंग माणसं समाधीपर्यंत पोचली, ते चांगलंच झालं. पण रोपवेचं तिकीट कंपनीला जातं, पायथ्याचं गाव नुसतं वरून बघण्यापुरतं उरतं. आणि रोपवे माणसं वर नेऊन सोडतो. वर किती मावतील, हा लोहगडाचा प्रश्न तो सोडवत नाही, वाढवतो. सिमेंटच्या पायऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. उतारावर पाणी जायला जागा न ठेवता ओतलेली पायरी दोन पावसाळ्यांत खालून पोकळ होते, मग तिचा एक कोपरा हलतो, आणि ज्या पायरीवर विश्वासाने पाय टाकला तीच दगा देते.

मनावर घेतलं तर सरकारला वाट बांधता येते, हे मुंबईने दाखवलंय. मलबार हिलवर महापालिकेने ४८५ मीटरची लाकडी उन्नत निसर्गवाट मार्च २०२५ मध्ये खुली केली. झाडांच्या उंचीवरून चालत जायचं, शेवटी समुद्र दिसतो. भारतीयांना २५ रुपये तिकीट, आधी वेळ नोंदवायची, एका वेळी ठरावीकच माणसं आत. म्हणजे मर्यादा, नोंदणी, देखभाल, माफक तिकीट हे चारही शब्द सरकारला येतात. ते गिरगाव चौपाटीपासून मैलभराच्या आत येतात आणि कसाऱ्याचा घाट चढला की विसरतात, एवढंच.

वाट राखणं आणि त्यासाठी पैसा घेणं ही काही या मातीला परकी कल्पनाही नाही. कल्याण बंदरातून जुन्नरकडे चढणारा नाणेघाट दोन हजार वर्षांपूर्वी कातळ फोडून केलेला आहे. वर सातवाहनांचे शिलालेख, वाटसरूंना पाण्याची टाकी, विसाव्याला लेणं, आणि घाटाच्या तोंडाशी तो दगडी रांजण, ज्यात जकात टाकायचे असं परंपरेने सांगतात. रांजणाची गोष्ट दंतकथा मानली तरी टाक्यांतलं पाणी खरं आहे. वाटेवर थकलेल्या माणसाला पाणी लागतं याचा विचार कुणीतरी पगारी माणसाने केला होता. आजच्या किती वाटांवर ती टाकी गाळ काढून स्वच्छ ठेवली जातात? जी ठेवली जातात ती बहुतेक दुर्गप्रेमी पोरांनी, रविवारी, पदरमोड करून.

पदरमोडीवरच तर सगळं चाललंय. डोंगरात कुणी अडकलं, पडलं, की फोन जातो लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रांना, महाबळेश्वर ट्रेकर्सना, खोपोलीच्या यशवंती हायकर्सना. ही माणसं आपापली नोकरी-दुकान सोडून, रात्री-बेरात्री दोर घेऊन दरीत उतरतात. फुकट. सरकारी पत्रकात त्यांचा उल्लेख ‘स्थानिक नागरिकांच्या मदतीने’ एवढाच. २०२१ मध्ये पर्यटन खात्याने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आयोजकांनी नोंदणी करावी असं ठरलं. ते आवश्यकच होतं. पण नोंदणीचं ओझं प्रामाणिक आयोजक उचलतो आणि ‘४९९ रुपयांत कळसूबाई नाइट ट्रेक’वाला इन्स्टाग्रामवरून मजेत चालतो, कारण पायथ्याला नोंदणी विचारणारं कुणी नाही. पुन्हा तेच.

मग माझं मागणं काय? प्रत्येक चालत्या वाटेसाठी पायथ्याच्या ग्रामसभेची एक समिती असावी, वनखात्याशी लेखी करार करून. तिने त्या वाटेची मर्यादा ठरवावी. पावसाळ्यात वेगळी, उन्हाळ्यात वेगळी. माणशी माफक शुल्क घ्यावं, आयोजकाकडून थोडं जास्त, आणि नोंदणी नसलेल्या आयोजकाला तिथूनच परत पाठवावं. गावातला गाइड पावसाळ्यात सक्तीचा. वाटेची दुरुस्ती दर वर्षी, रोजगार हमीवर आणि शुल्कातून. पाऊस फार झाला, वाट बंद करायची, तर तो निर्णय सकाळी सहाला समितीच्या गावकऱ्याने घ्यावा. ओढ्याचं पाणी कुठवर आलं ते त्याला दिसतं, जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या साहेबाला दिसत नाही. चार महिन्यांच्या सरसकट बंदीपेक्षा एका सकाळची नेमकी बंदी जास्त जीव वाचवेल असं मला वाटतं, आणि सरबतवाल्या मावशीचा हंगामही बुडणार नाही. गावाला हे झेपेल का, असं विचारणाऱ्यांनी गडचिरोलीच्या मेंढा-लेखाकडे बघावं. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला आणि अठराशे हेक्टर जंगलाचा कारभार ती बघते. बांबू तोडायचा केव्हा, विकायचा कसा, पैसा वाटायचा कसा, हे जी ग्रामसभा ठरवू शकते तशीच दुसरी एखादी ग्रामसभा दोन मैलांच्या वाटेची व्यवस्था का बघू शकणार नाही?

आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला, डोंगर सगळ्यांचा, त्यावर तिकीट कसलं? गडाच्या बाबतीत तर हा भावनेचा प्रश्न होतो आणि त्या भावनेला मी हसणार नाही. पण आज डोंगर फुकट आहे हा भ्रम आहे. पार्किंगचे पन्नास-शंभर, आयोजकाचे हजार-दीड हजार आपण देतोच. त्यातला एक रुपया वाटेवर खर्च होत नाही, एवढाच फरक. शाळेच्या सहलींना, पायथ्याच्या पंचक्रोशीतल्या माणसांना, देवदर्शनाला चढणाऱ्यांना शुल्क माफ करावं. कळसूबाई हे देवीचं ठाणं आहे, नवरात्रात आसपासची गावं चढतात. त्यांच्याकडे पावती मागणारा समितीवाला दुसऱ्या दिवशी समितीत राहणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. नाका उभा राहिला की दादागिरी येते. हातात पावतीपुस्तक आणि कमरेला मोबाइल लावलेली चार पोरं गाडी अडवतात, पावतीवर ना शिक्का ना अनुक्रमांक, वाद घातला तर आवाज चढतो. असा अनुभव मी घेतलाय, डोंगरात फिरणाऱ्या बहुतेकांनी घेतलाय. गावातल्या गावातही भांडणं लागतात: या वाडीचा नाका की त्या वाडीचा, सरपंचाच्या भाच्यालाच पार्किंगचा ठेका का. म्हणूनच शुल्क ऑनलाइन किंवा क्यूआर कोडवर, खातं समितीचं, आणि गेल्या वर्षी किती आले, किती खर्च झाले, कशावर, हे पायथ्याच्या फलकावर रंगवलेलं असावं. ‘येथे सेल्फी काढू नये’ या फलकाच्या शेजारी जागा असतेच. ग्रामसभेत हिशोब वाचला जातो तेव्हा भाच्याचा ठेका फार दिवस टिकत नाही. टिकतो कधीकधी, हेही खरं. पण आजची बेहिशोबी वसुली गावकरी रोखू शकत नाहीत, कारण ती कुणाच्या नावाने चालते हेच लिहिलेलं नाही.

तिसरा आक्षेप वनखात्याचा असेल, की अभयारण्यात माणसांची ये-जा वाढवणं हे आमचं काम नाही. ये-जा वाढलेलीच आहे. भंडारदऱ्याच्या बाजूला मेअखेरीस काजवे बघायला ज्या गाड्या येतात, त्यांच्या दिव्यांनी काजव्यांचं मीलन बिघडतं हे खात्यानेच सांगून झालंय, वेळेची बंधनंही घालून झाली आहेत. हेडलाइट बंद कर असं प्रत्येक गाडीवाल्याला सांगायला जेवढी माणसं लागतात तेवढी खात्याकडे नाहीत. गावाकडे आहेत.

हे सगळं करायचं तर पावसाळ्यात करून चालत नाही, आणि इथेच आपलं घोडं अडतं. अपघात जूनमध्ये होतो, बैठक जुलैमध्ये होते, तेव्हा वाटेवर एक दगडही हलवता येत नाही. वाटेचं काम दिवाळी ते मे एवढ्यातच होतं. रोजगार हमीची पुढच्या वर्षीची कामं ग्रामसभेत ठरतात ती त्याआधी, ऑक्टोबरच्या आसपास. कळसूबाईची बारीकडची वाट, हरिश्चंद्रगडाची पाचनईची आणि खिरेश्वरहून टोलार खिंडीतली, भीमाशंकरचा गणेश घाट, राजमाची, लोहगड, हरिहर: पहिल्या वर्षाला एवढी यादी पुरे. या गावांच्या ग्रामसभांपुढे यंदाच्या ऑक्टोबरात ‘पायवाट दुरुस्ती’ या नावाचं एक काम ठेवायला वन, महसूल आणि रोजगार हमी या तीन खात्यांच्या तालुक्यातल्या अधिकाऱ्यांना एकत्र बसावं लागेल. मंत्रिमंडळाची मंजुरी त्याला लागत नाही. नारायणगावच्या अड्ड्यावर माणसं जायला लागायच्या आत ती बैठक व्हायला हवी.